चार दिवस चाललेली ओव्हर

भिंगरीचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. गजर पावणेपाचचा असे. पाच मिनिटं आधी उठून ती तो बंद करायची, म्हणजे घरातल्या कोणाची झोप मोडायला नको. एकोणीस वर्षांत तो गजर घरात कोणी ऐकला नाही. मग लावतेस कशाला, असं मी एकदा विचारलं.

"दादा, एखाद्या दिवशी मी उठलेच नाही तर कोणाला तरी कळायला हवं ना," ती म्हणाली. "घरात माझ्यावर लक्ष ठेवणारं तेवढंच एक आहे."

भिंगरी माझी धाकटी बहीण. कागदोपत्री नाव वेगळं. पण लहानपणापासून पायाला भिंगरी लागलेली, म्हणून आईने ते ठेवलं आणि पुढे इस्पितळातही तेच चाललं. ती पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती आणि मी त्याच इस्पितळाच्या धुलाईत. एकतीस वर्षं मी तिथे चादरी धुतल्या. ओली चादर सव्वा किलो भरते आणि दिवसाला चारशे चादरी निघतात. कष्ट कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, आम्हा दोघांत जास्त कष्ट तिचे होते. माझ्या चादरी मला हाका मारत नव्हत्या.

वॉर्डात चौतीस खाटा. सकाळच्या पाळीला कागदावर चार नर्स. त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, एक परदेशी गेली आणि एक दुपारी डबा खायला म्हणून गेली ती अजून परत यायची आहे. कागदावर मात्र चौघी जशाच्या तशा. त्यामुळे वर विचारणा केली की उत्तर यायचं, तुमच्याकडे तर चार आहेत. उरली भिंगरी. पाळी सात ते दोन. ती घरी पोचायची पाच वाजता, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, आज लवकर सुटले.

ती वॉर्डात एकटी उरल्यावरची पहिली दोन वर्षं आम्ही हसण्यावारी नेली. घरात तिच्याकडून चमत्कारिक गोष्टी व्हायला लागल्या होत्या. मेहुणे बसदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर, साधा माणूस. संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं तर तिने आधी त्यांची नाडी पाहिली. एकदा सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या तर ही ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबावं." सासूबाई खरोखरच बाहेर जाऊन बसल्या. तासाभराने भिंगरीच्या मुलीने त्यांना आत आणलं. एकदा तर लेकीला शाळेत जाताना टाटा करायच्या ऐवजी विचारलं, "सोबत कोण आहे? सही कोण करणार?"

हसलो खरं. पण एका सकाळी ती धुलाईच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. हातात मळक्या चादरींचं बोचकं होतं. ते काम तिचं नव्हतं, वॉर्डबॉयचं होतं. वॉर्डबॉयही कागदावरच होता.

"दादा, सोळा नंबरचे बाबा गेले," ती म्हणाली.

ते बाबा तेवीस दिवस तिच्या वॉर्डात होते. रोज तिला पिवळ्या गोळीचा भाव विचारायचे आणि महाग आहे म्हणून घ्यायचे नाहीत. मग ती खोटा भाव सांगायची, म्हणजे घ्यायचे.

"वाईट झालं," मी म्हणालो.

"तेच तर. मला वाईट नाही वाटलं. खाट रिकामी झाली, बरं झालं, असं वाटलं. माणूस आठवलाच नाही." बोचकं खिडकीतून आत ढकलत ती म्हणाली, "मी आता इथे राहिले तर कोणाचं तरी वाटोळं करीन. माझं नाहीतर पेशंटचं."

त्याच आठवड्यात तिने एका शाळेत अर्ज टाकला. शाळेत आजारी मुलांसाठी एक खोली होती, तिथे नर्स हवी होती. दोन खाटा, आठ ते तीन. पगार कमी. निवड झाली. एक तारखेला रुजू व्हायचं, पण येताना इस्पितळाने मोकळं केल्याचं पत्र आणायचं. नाहीतर यादीतली दुसरी बाई तयारच होती. भिंगरीने एक महिना आधी राजीनामा दिला. तो मेट्रनच्या टेबलावर गेला आणि तिथल्या काचेच्या पेपरवेटखाली मुक्कामाला राहिला.

महिना संपायला आठवडा उरला तेव्हा भिंगरी मेट्रनच्या खोलीत गेली. मी टॉवेलांच्या मागणीवर सही घ्यायला आधीच आत उभा होतो, म्हणून पुढचं सगळं मी स्वतः ऐकलेलं आहे.

मेट्रन वाईट बाई नव्हत्या. गुडघे गेलेले, चष्मा गळ्यात दोरीला, कडक इस्त्रीच्या. भिंगरीला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनाही माणसं कोणी देत नव्हतं. फक्त, त्यांना ते वरच्यांना सांगण्यापेक्षा खालच्यांना थांबवून ठेवणं सोपं जात होतं.

"मॅडम, माझ्या पत्राचं काय झालं?"

"मिळालंय की. हे काय, इथे आहे." त्यांनी पेपरवेट उचलून दाखवला आणि पुन्हा ठेवला. "पण ओव्हर कोणाला देणार तू?"

पाळी संपताना जाणारी नर्स येणारीला वॉर्ड सोपवते, त्याला इस्पितळात ओव्हर देणं म्हणतात. देणारीने एकेक गोष्ट सांगायची, घेणारीने तीच परत म्हणून दाखवायची आणि वहीत ओळीपुढे सही करायची. घ्यायला सुरुवात केली की अर्ध्यात सोडायची नाही. आणि ज्याच्याकडे चार्ज आहे त्याने तो दुसऱ्याला दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. हे धडे मेट्रननी स्वतः नर्सांच्या तीन पिढ्यांकडून घोटून घेतले होते.

"घेणारं माणूस नाही, हे मी दोन वर्षं सांगतेय," भिंगरी म्हणाली.

"मग मी काय झाडाला लावू नर्स?"

"नियमात आहे मॅडम. घेणारी नर्स नसेल तर ओव्हर मेट्रनने घ्यावी."

मेट्रन हसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा हो तुमची बहीण. मला नियम शिकवते." मग तिच्याकडे वळून, "मी पंधरा वर्षं तोच वॉर्ड चालवलाय. अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी सकाळी सातला येते आणि घेते. तू एकदा दे तर खरी. देताना तुझाच पाय निघायचा नाही, बघ."

"नीट देईन मॅडम. तुम्ही शिकवलंय तशी."

मेट्रनना तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं. लहानपणी शेजाऱ्यांच्या दाराच्या कडीला खोडी म्हणून बाहेरून दोरा बांधायच्या आधी तिचा चेहरा असाच साळसूद व्हायचा.

धुलाईतली एक कोरी दोनशे पानी वही तिने माझ्याकडून मागून नेली. तीन संध्याकाळी ती लिहीत बसली. मेहुण्यांनी चाळून पाहिली आणि विचारलं, "एवढं सगळं तू करतेस?"

"नाही. एवढं आठवलं," ती म्हणाली.

मंगळवारी सातला मेट्रन आल्या. नवं पेन होतं. मी चादरींची गाडी घेऊन आलो होतो. भिंगरीने वही उघडली.

"एक. औषधाच्या कपाटाच्या चाव्या. चाव्या तीन, कुलपं दोन. तिसरी चावी कशाची ते कोणाला माहीत नाही, पण हरवली तर चौकशी लागते."

मेट्रननी म्हणून दाखवलं, सही केली.

"दोन. मोठ्या डॉक्टरांचा एकचा आकडा आणि सातचा आकडा सारखा दिसतो. दरवेळी फोन करून विचारायचं. ते चिडतात. चिडू द्यायचं."

"हे लिहायची काय गरज?"

"गेल्या महिन्यात अकरा वेळा विचारलं मॅडम. त्यातले चार सात निघाले."

मेट्रननी सही केली.

मला वाटलं होतं ही नुसतीच थट्टा चाललीय. पण त्या वहीतली एकही ओळ खोटी नव्हती, आणि तीच खरी खोडी होती. शिवाय ओव्हर चालू आहे म्हणून वॉर्ड थांबत नव्हता. गोळ्या वेळेवर, सलाईन वेळेवर, पुसणं, उठवणं, बसवणं सगळं चालू. दोघी मिळून करायच्या आणि मधल्या सवडीत दोन-तीन ओळी व्हायच्या. पेशंटचं काही अडलं नाही. अडलं असतं तर मीच भिंगरीचा कान धरला असता.

खाट चारचं चाक निखळतं, सरकवताना डाव्या पायाने टेकू द्यायचा. खाट अकराचे आजोबा गोळी घेत नाहीत. 'साहेब' म्हटलं की घेतात. दोनदा साहेब म्हटलं की त्यांना संशय येतो. लिफ्टवाल्याला 'जेवलात का' विचारायचं, नाहीतर स्ट्रेचर नेमका आपल्याच मजल्यावर अडकतो. खाट वीसची बायको रोज तेच तीन प्रश्न विचारते. चौथ्यांदा विचारायला लागली तर तिला उत्तर नको असतं, कोणीतरी शेजारी उभं राहायला हवं असतं. वॉर्डाच्या नळाला दहा वाजता पाणी जातं, म्हणून नऊला सगळ्या बादल्या भरायच्या. हे नळवाल्याला माहीत आहे. त्याच्या साहेबाला माहीत नाही. साहेबाच्या मजल्यावरचं पाणी जात नाही.

चव्वेचाळीसावी ओळ चादरींची. इस्पितळाच्या कागदावर एकशे छत्तीस. मोजायला मला बोलावलं. मोजणीत मी कधी हयगय केलेली नाही आणि वेळही कधी लावलेला नाही. शंभर चादरी मी बोलता बोलता मोजतो. त्या दिवशी मात्र प्रत्येक चादर उलगडली, उजेडाकडे धरली, घडी घातली. एक्याण्णव भरल्या. त्यांतल्या सतरा मधोमध फाटलेल्या. त्या खाली ओढून घालायच्या, म्हणजे फाटलेला भाग पायांकडे येतो.

"लवकर करा ना हो," मेट्रन म्हणाल्या.

"सही तुमची आहे बाई," मी म्हणालो. "माझं काय, मी मोजून देतो आणि जातो."

पहिल्या दिवशी बावन्न ओळी झाल्या. ओळी होत्या दोनशे चौदा. दुपारच्या पाळीची एकटी नर्स दुसरा वॉर्ड आवरून इकडे आली तेव्हा चार वाजले होते. ती फक्त पेशंट सांभाळायची; सकाळचा चार्ज मेट्रनकडेच, आणि ओव्हर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. मेट्रन जिन्यावर बसून बूट काढत होत्या.

बुधवारी त्या चपला घालून आल्या. पेन जुनं होतं. दुपारी त्या म्हणाल्या, "भिंगरी, उरलेलं मी वाचून घेते. सगळ्यावर एकदम सही करते."

"ओव्हर वाचून घेत नाहीत मॅडम. पहिल्या वर्षाला मी तशी घेतली होती, तर तुम्ही मला दोन तास उभं केलं होतं."

"तुला अजून लक्षात आहे ते?"

"तुम्हाला नाही?"

मेट्रननी वही पुढे ओढली.

त्याच दिवशी एकशे तिसावी ओळ आली. मी धुतलेले पडदे टांगत होतो. भिंगरीने इतर ओळींसारखीच तीही वाचली. "रडायची जागा. सामानाच्या खोलीत, कापसाच्या गठ्ठ्यांमागे. चार मिनिटं मिळतात. पाचव्या मिनिटाला कोणीतरी हाक मारतंच."

मेट्रननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. आवाज जरा खाली होता.

"माझ्या वेळी ती जिन्याखाली होती," त्या म्हणाल्या.

"जिन्याखाली आता फायली ठेवल्यात."

त्यांनी सही केली आणि दोघी सलाईन बदलायला गेल्या. त्यानंतर मेट्रन 'लवकर कर' म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी अकराला अधीक्षकांची बैठक होती. इस्पितळाचा दर्जा कसा उंचावला याचे रंगीत तक्ते दाखवायचे होते आणि मेट्रनची खुर्ची रिकामी. वॉर्डात फोन वाजला. मेट्रननी खांद्याने कानाशी धरला, हातात ड्रेसिंग होतं.

"नाही सर, येता येणार नाही. चार्ज माझ्याकडे आहे... हो, मलाच घ्यावा लागला... देऊ कोणाला? सर, तुम्ही घेता का?"

दहा मिनिटांनी अधीक्षक स्वतः आले. लालबुंद झालेले, बूट चकचकीत. दारातूनच म्हणाले, "मेट्रन, हे काय चाललंय?"

मेट्रन तेव्हा सत्तावीस नंबरला सलाईन लावत होत्या. त्याचा स्टँड घसरतो, ती वहीतली त्रेसष्टावी ओळ. त्यांनी शांतपणे बाटली अधीक्षकांच्या हातात दिली.

"धरा सर, जरा वर. हात खाली आणू नका, नळीत रक्त उलटं येतं."

आणि त्या बारा नंबरकडे निघून गेल्या, कारण तिकडे खरोखरच हाक आली होती. भिंगरी चौथ्या खाटेला डावा पाय लावून उभी होती. मी दारात गाडी थोपवून उभा. मला वाटतं, अधीक्षक इतका वेळ वॉर्डात पहिल्यांदाच उभे राहिले असतील. अकरा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. तेवढ्यात त्यांना एकाने पाणी मागितलं, एकाने भांडं मागितलं. खाट वीसच्या बायकोने तीन प्रश्न विचारून झाल्यावर चौथा विचारला. अकराच्या आजोबांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाले, "नवीन वॉर्डबॉय दिसतोय. बूट बघ कसले घातलेत. टिकायचा नाही."

अधीक्षकांनी हात बदलला. दुखत असणार. माझ्या अंदाजाने बाटली अर्धा किलोची.

बाटली सुटल्यावर ते खांदा चोळत परत गेले. शुक्रवारी सकाळी सातला वॉर्डात तीन नर्स हजर. तिघी कुठल्या, तर दर्जा विभागातल्या. रंगीत तक्ते भरायला म्हणून वॉर्डांतून उचलून नेलेल्या. त्यांतली एक भिंगरीच्याच वॉर्डातली, डबा खायला गेलेली. डबा खाऊन परत येताना तिला जिन्यातच गाठून वर नेलं होतं. तिने आल्या आल्या भिंगरीला मिठी मारली आणि म्हणाली, "बाई गं, तिकडे दिवसभर बसून माझी पाठ गेली."

"इकडे ये," भिंगरी म्हणाली, "बसायचा त्रास अजिबात होणार नाही."

दुपारी दोनशे चौदावी सही झाली. मेट्रननी वही मिटली आणि भिंगरीला बाजूला घेतलं. मी पलीकडे गाडी भरत होतो.

"आता तिघी आल्या. आता राहा की. काम चौघींचं होईल, खरोखरच्या चौघींचं."

"मॅडम, तिघी आल्यात कारण मी निघालेय. मी राहिले तर सोमवारी दोघी परत तक्ते भरायला जातील."

"मी जाऊ देणार नाही."

"मी नसले तर तुम्ही जाऊ देणार नाही. असले तर म्हणाल, भिंगरी आहे ना."

मेट्रननी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "म्हटलं असतं." आणि पेपरवेटखालचं पत्र त्याच दिवशी सही होऊन बाहेर आलं. खाली त्यांनी हाताने दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. काय लिहिलं ते भिंगरीने मला दाखवलं नाही. बसमध्ये तिने ते पत्र चार वेळा वाचलं, एवढं मी मोजलं.

एक तारखेला ती शाळेत रुजू झाली. दोन खाटा. गुडघे खरचटलेली मुलं, आणि गणिताच्या परीक्षेदिवशी पोट दुखणारी मुलं. पोटदुखीवर ती कोमट पाणी द्यायची आणि सत्ताविसाचा पाढा विचारायची. आला तर खरं दुखणं, असं तिचं निदान होतं. मेहुण्यांना मागितल्याबरोबर पाणी मिळायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात ती खुर्चीवरून उठेना. पाय सुजून खांबासारखे झाले होते, पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा. मी ओरडलो, कधीपासून आहे हे.

"असेल पाच-सहा वर्षं," ती म्हणाली. "तेव्हा दुखायला वेळ कुठे होता? आता बसते ना, तर बसल्या बसल्या दुखतात."

ऑपरेशन सांगितलं. मी म्हणालो, नोकरीत असतीस तर आपल्याच इस्पितळात फुकट झालं असतं.

"झालं असतं," ती म्हणाली. "मी रजा मागितली असती, त्यांनी ओव्हर कोणाला देतेस म्हणून विचारलं असतं, आणि पुढच्या वर्षी परत मागितली असती."

एकोणीस वर्षांचा फंड त्याच सुमाराला हातात आला. तिने वेगळी खोली घेतली, आणि तीही तिथेच, आमच्या इस्पितळात. पैसे मोजून, पेशंट म्हणून. सहा दिवस ती आडवी होती. दुसऱ्या दिवशी मी धुतलेली चादर घेऊन गेलो, तर नवी नर्स तिच्यावर रागावत होती, कारण हिने पडल्या पडल्या चादरीचे कोपरे खोचायला घेतले होते. तिसऱ्या दिवसापासून तिने ते सोडलं. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ती झोपलेली होती. चहा आणून ठेवलेला होता, गार झालेला. मी उठवलं नाही.

फंड तिथेच संपला. दोन्ही पायांच्या शिरा, सहा दिवसांची खोली, आणि वर्षभर घालायचे घट्ट मोज्यांचे दोन जोड.